पट्टा कुणाच्या दंडावर होता

फैजपूर,
मे महिन्यातला पहिला रविवार

प्रिय कामिनी,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण खाडाखोड केलेलं पत्र पाठवायला मला आवडत नाही, म्हणून राहू दिलं. तू त्यातून काही अर्थ काढत बसू नकोस. फोन का केला नाही, असं विचारशील. केला होता. तुझा फोन हल्ली एक गोड आवाजाची मुलगी उचलते आणि ‘मॅडम मीटिंगमध्ये आहेत, आपलं काय काम होतं’ असं विचारते. माझं काम तिला सांगण्यासारखं नव्हतं. मेल केली असती तर ती तुझ्याआधी तुझ्या वकिलांनी वाचली असती. राहता राहिलं पत्र. शाळेत असताना सुट्टीत तू मामाकडे गेलीस की मी फैजपूरहून तुला लिहायचे, त्यामुळे माझं अक्षर तू ओळखशील आणि पाकीट दुसऱ्याच्या हाती न देता स्वतः फोडशील, एवढा भरवसा अजून आहे. बाकी भरवसा संपला.

मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात फैजपूरजवळच्या एका केळीच्या बागेत एक मजूर उन्हाने कोसळला. त्याच्या दंडावर तुझ्या कंपनीचा पट्टा होता. कामगार अधिकाऱ्यांनी चौकशी सुरू केली तेव्हा तुझ्या कंपनीने अहवाल पाठवला, की पट्टा क्रमांक अमुक घालणाऱ्या माणसाच्या अंगाची उष्णता आणि नाडी सकाळपासून शेवटपर्यंत ठीक होती, सबब त्याच्या पडण्याचा उन्हाशी संबंध जोडता येत नाही. खाली तुझी सही आहे. मी ती पाहिली. अजून तशीच करतेस, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून, जणू कोणी पुढे काही लिहील याची भीती वाटते. येत्या गुरुवारी चौकशीचा शेवटचा दिवस आहे. तुझा अहवाल टिकला तर तो माणूस स्वतःच्या दुखण्याने पडला असं सरकारदरबारी कायमचं लागेल, आणि यावल-रावेरकडच्या सगळ्या टोळ्यांच्या दंडांवर याच उन्हाळ्यात तुझे पट्टे चढतील. करार तयार आहेत, फक्त या चौकशीसाठी थांबलेत, असं इकडे सगळे बोलतात. हे होऊ नये म्हणून मी लिहितेय. गप्पा मारायला नाही.

त्या माणसाचं नाव तुला माहीत नाही, हे मी धरून चालते. तसं नसेल तर हे पत्र इथेच फाडून टाक, कारण मग आपल्या दोघींत बोलण्यासारखं काहीच उरत नाही. तुझ्या नानांना आणि आईला, शेवंताकाकूंना, तू पुण्याला नेलंस आणि बाग त्या निर्यातवाल्यांना कराराने दिलीस, तेव्हापासून फैजपूरचं तुझ्यापर्यंत काही पोचत नाही. तुझ्याकडे क्रमांक पोचतात. ते मात्र न चुकता पोचतात.

आता तुला थोडी आठवण करून देते, कारण तू हल्ली व्यासपीठांवर ही गोष्ट सांगतेस ती ऐकून मला वेगळीच गोष्ट ऐकल्यासारखं वाटतं. जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला सगळा वर्ग आपोआप उघडणारी दारं आणि रेघेवरून चालणाऱ्या गाड्या बनवत होता. तू म्हणालीस, आपण आबांच्या टोळीसाठी काहीतरी करू. हो, तूच म्हणालीस. मी म्हणाले नव्हते. माझे आबा शिंदखेड्याकडून पोटासाठी फैजपूरला आलेले, घड वाहणाऱ्या टोळीत उभं आयुष्य काढलेले, आणि ती टोळी ज्यांच्या बागेत घड कापायची ते तुझे वडील, गिरधरनाना. मला त्या टोळीबद्दल वर्गात बोलायची लाज वाटायची असं नाही, पण बोलावंसंही वाटत नव्हतं. तू मला ओढत नेलंस. आपण भर उन्हाळ्यात बांधावर बसून राहिलो. मे महिन्यात केळीच्या बागेत आत शिरलं की वारा बंद आणि जमिनीतून नुसती वाफ. खांद्यावर चिंध्यांची गादी, तिच्यावर घड, आणि पाय रुतणाऱ्या वाटेने ट्रकपर्यंतची चाल. तू पहिल्याच दिवशी उलटी केलीस आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलीस. मला तू तेव्हा फार आवडली होतीस, हे आज राग असला तरी लिहिते.

टोळीतली ती रीत आपण तिथेच पाहिली. ‘मला भोवळ येतेय’ असं टोळीत कोणी म्हणत नाही. म्हणणाऱ्याची दिवसभर टर उडते आणि दुसऱ्या दिवशी मुकादम त्याच्याकडे निराळ्या नजरेने बघतो. म्हणून सगळ्यात वयस्कर माणूस, आपण पाहिलं तेव्हा आबा, इतरांच्या चालण्यावर लक्ष ठेवायचा. कोणाचं पाऊल तिरकं पडायला लागलं, कोणाचा घाम आटला, की तो स्वतःच मटकन खाली बसायचा आणि म्हणायचा, ‘मी दमी गऊ भो. बसा बठ्ठा घडीभर.’ मग सगळे हसायचे, आबा म्हतारा व्हयी गया म्हणायचे, आणि हसता हसता सगळेच सावलीला टेकायचे. कोणाच्या नावाने बसलो हे ना मुकादमाला कळायचं, ना खुद्द त्या माणसाला. आबांच्या आधी दुसरे कोणी वयस्कर होते, त्यांच्या आधी आणखी कोणी. म्हातारपणाचं एवढं चांगलं काम मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आपण जे यंत्र केलं ते याच रीतीवरून केलं. दंडावर बांधायचे साधे पट्टे, अंगाची उष्णता आणि नाडी मोजणारे, आणि बांधावर सौर तबकडीची एक पेटी. कोणाही एकाचं अंग तापलं की पेटीचा भोंगा सगळ्यांसाठी एकदा वाजायचा. पट्ट्यांवर नाव नाही, क्रमांक नाही. सकाळी टोपलीत हात घालायचा आणि जो येईल तो बांधायचा. कोणामुळे वाजला ते पेटीलाही कळत नव्हतं. आमच्या घरी, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर आपण ती पेटी जोडली. सरांनी सांगितलं होतं की नोंदी साठवायची सोय ठेवा, पुढे उपयोग होतो. तू तो साठवणीचा तुकडा स्वतःच्या हाताने उपटून काढलास आणि म्हणालीस, पेटीला आठवण असली की ती चुगली करणार. मला तुझं हे वाक्य इतकं पटलं की मी अजूनही वर्गात मुलांना सांगते. तुझं नाव घेत नाही.

भोंगा चांगला चालला. काही उन्हाळे चालला. बिघडला तर फैजपूरच्या बाजारपेठेतला रुपचंद, जो मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो, तो दुरुस्त करायचा. सुटे भाग जळगावात मिळायचे. तुझ्या नानांनी सुरुवातीला तोंड वाकडं केलं, पण टोळी सायंकाळपर्यंत टिकते आणि घड कमी आपटतात हे बघून तेही गप्प बसले. शेजारच्या बागांतून मागणी आली की आपण तिथल्याच कोणाला तरी पेटी जोडायला शिकवायचो. मला वाटायचं, झालं, यंत्राचं काम झालं. माणूस संध्याकाळी आपल्या पायाने घरी गेला की त्या यंत्राकडून आणखी काय हवंय.

मग तू मला पुण्याला त्या नवउद्योगांच्या स्पर्धेला नेलंस. समोर बसलेल्या त्या उंची घड्याळवाल्या माणसाने विचारलं, हे वाढणार कसं. मी म्हटलं, वाढणार नाही, एका टोळीला एक पेटी पुरते. तो हसला. त्याने विचारलं, तुमच्याकडे माहिती काय जमा होते. मी म्हटलं, काहीच नाही, मुद्दामच. तेव्हा तो तुझ्याकडे वळला आणि नंतर माझ्याकडे त्याने पाहिलंच नाही. बाहेर पायऱ्यांवर तू माझ्यावर बरसलीस. मी सगळं घालवलं म्हणालीस. मला मोठं होण्याची भीती वाटते, टोळीतल्या लोकांसारखीच माझीही मान खाली घालून चालायची सवय जात नाही, असंही म्हणालीस. ते ‘टोळीतल्या लोकांसारखीच’ मी विसरले नाही. मी परत फिरले, धुळ्याच्या तंत्रनिकेतनात शिकवायला लागले, आणि तू तिथेच राहिलीस. घड उतरवला की त्या झाडाला कोणी खत घालत बसत नाही, हे तुझ्या घरच्या बागेत तू लहानपणापासून पाहिलंस. तरी काम झालं की थांबायचं असतं, हे त्या माणसापुढे तुला आठवलं नाही.

तुझी बाजूही मला माहीत आहे, कारण तू ती मला नंतर लांबलचक लिहून पाठवली होतीस. भोंगा दहापाच बागांत राहिला असता, पट्टे हजारो मजुरांपर्यंत जातील, प्रत्येकाची प्रकृती पडद्यावर दिसेल, कोणी पडायच्या आत गाडी पोचेल. वाचायला छान आहे. पण पैसे लावणाऱ्याला मजूर पडू नये याचं काय पडलंय. त्याला पट्टे विकत घेणारा हवा. घेणारा कोण, तर निर्यातवाले. आणि त्यांना पडद्यावर काय बघायचं असतं, तर कोण किती चालला, कोण किती वेळ बसला. तू साठवणीचा तुकडा परत बसवलास. पट्ट्यांना क्रमांक दिलेस, क्रमांकांना नावं दिलीस, नावांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिलेस. भोंगा काढून टाकलास, कारण एकासाठी सगळी टोळी बसली की काम थांबतं. आता ज्याचा पट्टा लाल होईल त्याने एकट्याने बसायचं, सगळ्यांसमोर. यंत्राचं काम एकच होतं, थकल्याची लाज झाकायची. तू तेवढंच काढलंस आणि बाकी सगळं ठेवलंस. पट्ट्याला कंपनीने जे इंग्रजी नाव दिलंय ते मी माझ्या हाताने लिहिणार नाही.

या वर्षी उन्हाळा लागताच तुमच्याच बागेत, म्हणजे आता त्यांच्या बागेत, टोळीला पट्टे वाटले. पहिल्या आठवड्यातच एका माणसाचा पट्टा रोज लाल व्हायला लागला. वय झालेलं. सुपरवायझरचं नाव नवीन, पोरगा वाईट नाही, त्याने वरून आलं तेच सांगितलं: ‘तुमचं लाल फार येतंय, थोडे दिवस घरीच थांबा.’ घरी थांबणं म्हणजे काय ते टोळीत कोणाला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी तो तरीही कामावर आला, तेव्हा त्याच टोळीतल्या पुनाने आपला पट्टा सोडून त्या माणसाच्या दंडावर बांधला आणि त्याचा स्वतः घेतला. पुनाला तू ओळखतेस, शिरपूरचा, चाळिशी गाठलेला, दोन माणसांचं ओझं एकटा वाहणारा. त्याच्या नावापुढे लाल आलं तरी त्याला कोणी घरी बसवणार नव्हतं, कारण सगळ्यात जास्त घड तोच वाहतो. टोळीला यात काही चोरी केल्यासारखं वाटलं नाही. टोपलीतून हाताला येईल तो पट्टा बांधायची सवय त्यांना तूच आणि मीच लावली होती.

पुढे काय झालं ते तुझ्या अहवालात नाही. तो माणूस बागेच्या पार आतल्या ओळीत घड खांद्यावर घेताना खाली गेला. केळीच्या पानांत दोन ओळींपलीकडचं दिसत नाही. पडद्यावर मात्र लाल दिवा लागला, पुनाच्या नावाचा. नवीन धावत सुटला तो ट्रककडे. पुना ट्रकवर चढून घड रचत होता, ठणठणीत. त्याला खाली ओढून आडवा केला, त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, पाय वर धरले. पुना आधी गांगरला. खरं बोलावं तर त्या माणसाचं काम जाईल, म्हणून तो क्षणभर गप्प पडून राहिला आणि पाणी ओतून घेतलं. मग एकदम त्याच्या डोक्यात उजेड पडला की आपला पट्टा लाल झालाय याचा अर्थ काय, आणि तो नवीनला ढकलून ओरडत आत पळाला, ‘मी नही, आबा शे. आबाले देखा.’ सगळे आत शिरले तेव्हा ते ओळीत तोंडावर पडलेले होते, अंग कोरडं ठाक आणि भाजत होतं, आणि दंडावरचा पट्टा लुकलुकत होता. तुझं यंत्र खोटं बोललं नाही. त्याने बरोबर ओळखलं. फक्त नाव त्याला तू चिकटवून दिलं होतंस.

हो, कामिनी. पट्टा क्रमांक अमुक म्हणजे माझे आबा. पितांबर. तुझ्या कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत आत शिरताना भिंतीवर जो मोठा फोटो आहे, फैजपूरच्या दोन मुली आणि मध्ये भोंग्याची पेटी छातीशी धरून हसणारा माणूस, तो मधला माणूस. तू त्या फोटोखालून रोज ये-जा करतेस आणि त्याच माणसाचं अंग ठीक होतं म्हणून सही करतेस. मला आधी वाटलं तू जाणूनबुजून केलंस. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तुला मनातल्या मनात जे काही बोलले ते इथे लिहिता येणार नाही. नंतर अहवाल पाहिला आणि त्यात नाव कुठेच नव्हतं. तेव्हा राग कमी झाला नाही, वाढला. माणूस ओळखूच येणार नाही अशी सोय तू स्वतःसाठी करून ठेवलीस, आणि टोळीला मात्र एकेकाच्या नावानिशी उघडं पाडलंस.

आबा वाचले. जळगावच्या सरकारी दवाखान्यातून आता घरी आणलंय. उजवा हात थरथरतो, चहाचा कप आईला धरावा लागतो. बोलताना मध्येच शब्द हरवतो आणि ते छताकडे बघत बसतात. डॉक्टरांनी सांगितलंय की यापुढे उन्हात पाऊल टाकायचं नाही. मी सुट्टी काढून फैजपूर-धुळे फेऱ्या मारतेय. नोकरीत कोणी काही बोलत नाही, पण बोलतील. आई दिवसभर ओलं फडकं घेऊन त्यांच्या मागे फिरते आणि मध्येच मला विचारते, तुमचं ते यंत्र होतं ना ग अंगावर, मग कसं झालं. मी तिला काय उत्तर देऊ ते तू सांग. तू व्यासपीठावर पुष्कळ उत्तरं देतेस.

आता चौकशीचं. नवीन त्यांच्या पगारावर आहे, तो बोलणार नाही. पुना आणि टोळी खरं सांगायला तयार आहेत. पुनाचं काम जाईल हे त्याला कळतं, तरी तयार आहे. पण आबांनी त्यांना गप्प बसवलंय, आणि टोळीत आबांचा शब्द मोडत नाहीत. स्वतः आबा अधिकाऱ्यांपुढे म्हणाले की मला आधीपासूनच अधूनमधून चक्कर येते, पट्टा माझाच होता, मशीन बरोबर आहे. अधिकारी भले वाटले, त्यांनी दोनदा विचारलं. आबा दोनदा तेच म्हणाले. मी सांगून उपयोग नाही, मी बागेत नव्हते, माझं सगळं ऐकीव. घरी आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. आजारी माणसावर ओरडू नये हे मला कळतं, पण ओरडले. त्यांचं म्हणणं एवढंच, की पट्टे आम्ही बदलले, लबाडी आमची, त्यात मशीनचा काय दोष. ‘मशीन खोटं नही शे, पोरी. तुम्ही दोन्हीसनी बनाडेल शे.’ आपण दोघींनी बनवलं म्हणून ते खोटं असू शकत नाही. त्यांच्या लेखी ते अजून आमच्या घरातल्या फळीवरचंच यंत्र आहे. मी किती समजावलं की हे ते नव्हे, यातून भोंगा गेलाय, यात आठवण घातलीय, हे आता तुमचं नाही, माझंही नाही. ते ऐकून घेतात आणि मान हलवतात.

एक गोष्ट मी तुला कधी बोलले नव्हते, आज बोलते. तुमच्या घरी माझा पेला वेगळा होता. खिडकीतल्या कट्ट्यावर, कड चेपलेला. शेवंताकाकू प्रेमाने चहा द्यायच्या, पण त्यातच द्यायच्या. मी समजून होते आणि तुला कळत नसेल असं धरलं होतं. मग नववीत असताना एकदा तू सगळ्यांसमोर तो पेला उचललास, त्यातून स्वतः चहा प्यायलीस आणि तुझा कप माझ्यापुढे सरकवलास. तू अभ्यासाचं काहीतरी बडबडत राहिलीस. मी घरी येऊन आबांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, ‘ती बी मन्ही आंडेरच शे.’ तेव्हापासून तू त्यांची लेक. मी एकदा तावातावाने म्हटलं की त्या लेकीने तुमचा क्रमांक केला, तर त्यांनी मलाच दटावलं, की ती मोठ्या कामात आहे, सगळं तिच्या हातात नसतं. तुझी इतकी बाजू तर तुझ्या कंपनीचा वकीलही घेत नसेल.

म्हणून हे पत्र. तुला चार शब्द सुनावायचे होते ते सुनावले, पण तेवढ्यासाठी मी लिहिलं नसतं, ते मी मनातल्या मनात महिनाभर करतेच आहे. खरं सांगायचं तर तुझ्याकडे काही मागायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि मागायची वेळ आलीय. काल मी आबांना शेवटचं विचारलं, की गुरुवारी खरं सांगाल का. ते म्हणाले, त्यात कामिनीचं नुकसान आहे, ‘पहिले तिले इचार, मंग मी बोलसू.’ तुझ्यामुळे आडवा झालेला माणूस तुझी परवानगी घेतल्याशिवाय तुझ्याविरुद्ध तोंड उघडणार नाही, आणि तो उघडेपर्यंत टोळी उघडणार नाही. तेव्हा तुला यावं लागेल. वकील नको, ती गोड आवाजाची मुलगी नको, तू ये. त्यांच्यासमोर बस, त्यांचा तो हात हातात घे, आणि तुझ्या तोंडाने त्यांना सांग की हे यंत्र चुकीचं आहे आणि त्यांनी खरं बोलावं. माझं ते ऐकत नाहीत. तू येणार नाहीस असं मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. आज सकाळी ते आईला म्हणाले की ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर कामिनीला आवडते, तेव्हा पीठ दळून आण. आई भर उन्हात गिरणीवर जाऊन आली. पिठाचा डबा भरून ठेवलाय, आणि मला कोणी काही विचारलेलं नाही.

अजून तरी तुझीच,
मृणाली